अभ्यास-पाठ : ‘मी’ कसा घडतो?



आपल्या अभ्यासवर्गांत एक प्रश्न वारंवार विचारला जातो. “भगवान बुद्धांनी अनात्म सांगितले. आत्मा नाही असे आपण मानतो. मग आत्मसन्मान, आत्मविश्वास, अस्मिता हे शब्द आपण कोणत्या तोंडाने वापरतो? ‘मी’च नाही, तर मान कोणाचा?” प्रश्न चांगला आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. त्याला दुसरी बाजूही आहे. शेकडो वर्षे ज्यांना ‘तुम्ही कोणी नाही’ असे सांगितले गेले, त्यांनाच पुन्हा ‘मी नाही’ असे शिकवणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे नव्हे काय?

या प्रश्नाचे उत्तर नीट द्यावयाचे तर ‘मी’ नावाची वस्तू घडते कशी, हे आधी पाहिले पाहिजे. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत मानसशास्त्राने या बाबतीत बरेच शोधून काढले आहे. ते आपण क्रमाने पाहू आणि शेवटी मूळ प्रश्नाकडे येऊ. पाठ थोडा मोठा आहे. एका बैठकीत न झाल्यास दोन बैठकींत वाचावा.

१. दोन ‘मी’

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात ‘मी’चे दोन भाग पाडले : जाणणारा मी आणि जाणला जाणारा मी. तुम्ही म्हणता, “मी गणितात कच्चा आहे.” यात म्हणणारा एक, आणि ज्याला कच्चा म्हटले तो दुसरा. हा दुसरा ‘मी’ म्हणजे आपण स्वतःविषयी मनात बाळगलेले चित्र होय. त्यालाच स्व-संकल्पना किंवा स्व-प्रतिमा म्हणतात. या चित्रात आपले शरीर, कपडे, घर, घरची माणसे येतात. आपला स्वभाव व बुद्धी येते. आणि लोक आपल्याला काय म्हणून ओळखतात, तेही येते.

जेम्स यांनी एक साधे गणितही मांडले. माणसाला स्वतःविषयी किती बरे वाटते, हे त्याला मिळालेल्या यशाला त्याच्या अपेक्षांनी भागले असता कळते. म्हणजे स्वतःविषयी बरे वाटून घेण्याचे दोन मार्ग झाले. एक, यश वाढवावे. दोन, अपेक्षा कमी कराव्यात.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. जातिव्यवस्थेने आपल्या आजा-पणजांपुढे यांतील कोणता मार्ग ठेवला होता? यशाची दारे तर बंदच होती. शाळा नाही, जमीन नाही, पाणवठा नाही. उरला तो दुसरा मार्ग. “आपली पायरी ओळखून राहावे,” ही शिकवण म्हणजे अपेक्षा कमी करण्याचीच शिकवण होय. ज्याने पायरी मनापासून मान्य केली त्याला समाधानही मिळत असे, हे नाकारता येत नाही. परंतु ते समाधान गुलामाचे समाधान होते. म्हणून एखादा मनुष्य समाधानी आहे एवढ्यावरून त्याची स्व-प्रतिमा निरोगी आहे असे समजू नये. त्याने कशाची अपेक्षा करणे सोडून दिले आहे, हेही पाहावे.

२. दुसऱ्यांच्या डोळ्यांतील आरसा

मग हे मनातले चित्र काढतो कोण? चार्ल्स कूली या समाजशास्त्रज्ञांनी १९०२ साली याचे उत्तर दिले. आपण आपला चेहरा आरशात पाहतो, तसे आपण आपले व्यक्तित्व इतरांच्या डोळ्यांत पाहतो. यात तीन गोष्टी घडतात. समोरच्याला मी कसा दिसत असेन, अशी मी कल्पना करतो. तो माझ्याविषयी काय मत करीत असेल, अशी मी कल्पना करतो. आणि त्यावरून मला अभिमान वाटतो किंवा शरम वाटते. यात कल्पना मीच करीत असतो, हे ध्यानात घ्या. समोरचा काही बोललाच पाहिजे असे नाही. ज्याला लहानपणी अनेकदा हिणवले गेले, तो पुढे कोणी हिणवत नसतानाही मान खाली घालतो, त्याचे कारण हेच.

जॉर्ज हर्बर्ट मीड यांनी हा विचार पुढे नेला. त्यांच्या व्याख्यानांवरून तयार झालेला ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९३४ साली निघाला. मीड म्हणतात की मूल खेळताना आधी आई होते, मास्तर होते, दुकानदार होते, म्हणजे दुसऱ्याच्या जागी उभे राहून स्वतःकडे पाहण्यास शिकते. पुढे ते एकट्या आईच्या किंवा मास्तरांच्या जागी उभे न राहता सबंध समाजाच्या जागी उभे राहून स्वतःला जोखू लागते. मीड हे जॉन ड्यूई यांचे निकटचे सहकारी. तेच ड्यूई पुढे कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचे गुरू झाले. मनुष्याचे मन समाजातच घडते, हा या मंडळींच्या विचाराचा गाभा होता.

आता असे पाहा. सबंध समाजाच्या जागी उभे राहून मूल स्वतःकडे पाहते, आणि तो समाजच त्याला विटाळ समजतो. मग त्या मुलाला आरशात काय दिसेल? डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे स्त्रियांपुढे बोलताना बाबासाहेबांनी, ज्यावरून जात ओळखली जाते अशी लुगडे नेसण्याची पद्धत व तसले दागिने टाकून देण्यास सांगितले, ते उगीच नव्हे. त्या खुणांमुळे समोरच्याचा आरसा आधीच ठरून जात असे.

३. बाहुल्यांचा प्रयोग

आरशाचा परिणाम किती खोल जातो, हे अमेरिकेतील एका प्रयोगाने दाखवले. आपल्या वाचकांना अमेरिकेतील काळ्या लोकांचा लढा अपरिचित नाही. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव तेथील ब्लॅक पँथरवरूनच घेतले होते. त्या देशाच्या दक्षिण भागात काळ्या व गोऱ्या मुलांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या.

केनेथ क्लार्क व मेमी क्लार्क या काळ्या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने तीन ते सात वर्षे वयाच्या २५३ काळ्या मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. बाहुल्या सगळ्या सारख्या. फरक फक्त रंगाचा, काही गोऱ्या, काही तपकिरी. मुलांना विचारले : खेळायला कोणती हवी? चांगली कोणती? वाईट दिसते ती कोणती? १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुमारे दोन-तृतीयांश मुलांनी खेळायला गोरी बाहुली मागितली, आणि निम्म्याहून अधिक मुलांनी तपकिरी बाहुली वाईट दिसते असे सांगितले. शेवटी विचारले, “यांतली तुझ्यासारखी कोणती?” हा प्रश्न ऐकून काही मुले रडू लागली, काही खोलीतून पळून गेली. जी बाहुली आताच आपण वाईट ठरवली, तिच्याकडेच बोट दाखवण्याची पाळी त्यांच्यावर आली होती.

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. त्या निकालाच्या एका तळटीपेत क्लार्क यांच्या लेखनाचा उल्लेख आहे. मुलांच्या मनावर होणारी इजा ही न्यायालयाने विचारात घ्यावयाची गोष्ट ठरली, हे या प्रयोगाचे मोठे फळ होय.

४. आरसा कोणाचा?

परंतु एवढ्यावरून ‘दडपलेला मनुष्य स्वतःचा द्वेषच करतो’ असा निष्कर्ष काढला तर ती चूक ठरेल. मॉरिस रोझेनबर्ग व रॉबर्टा सिमन्स यांनी बाल्टिमोर शहरातील शाळकरी मुलांचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध केला. काळ्या मुलांचा आत्मसन्मान गोऱ्या मुलांपेक्षा कमी निघेल, अशी सर्वांची अपेक्षा होती. तो कमी निघाला नाही.

असे का झाले? कारण मूल सगळ्या जगाच्या आरशात पाहत नाही. ते आपल्या आईच्या, भावंडांच्या, शेजाऱ्यांच्या, मित्रांच्या, बाईंच्या डोळ्यांत पाहते. स्वतःची तुलनाही ते जवळच्या मुलांशी करते. भोवतालची ही माणसे त्याला मोलाचे मानीत असतील, तर दूरच्या समाजाची तुच्छता त्याच्या मनापर्यंत पोहोचण्यापूर्वी अडवली जाते. आपल्या गटाला जग काय समजते हे कळणे वेगळे, आणि मी स्वतः किती मोलाचा आहे असे वाटणे वेगळे. या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

आपल्या दृष्टीने या संशोधनाचा अर्थ फार मोठा आहे. आपले घर, आपली वस्ती, आपले विहार हे आरसे आहेत. बाहेरचा आरसा एका दिवसात बदलणे आपल्या हाती नाही. घरातला आरसा मात्र आजच पुसता येतो. मुलाला “तू दगडच राहणार” असे म्हणणारा बाप, मुलीला “काळी आहेस, तुला कोण करील” असे म्हणणारी आत्या, दोघेही बाहेरच्या समाजाचेच काम घरात बसून करीत असतात.

५. जात पुकारल्यावर

आपल्या देशातही असा एक प्रयोग झाला आहे. कार्ला हॉफ व प्रियंका पांडे या संशोधिकांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांमधल्या सहावी-सातवीतील मुलांना कागदावरील चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. निम्मे मुलगे उच्च मानलेल्या जातींतील, निम्मे खालच्या मानलेल्या जातींतील, एकूण ६४२. जितकी कोडी सुटतील तितके पैसे मिळणार होते. जात जाहीर केली नाही तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत फरक दिसला नाही. मग काही तुकड्यांमध्ये सर्वांसमोर प्रत्येकाचे नाव, बापाचे व आजोबांचे नाव आणि जात पुकारली गेली. तेवढ्याने खालच्या मानलेल्या जातींतील मुलांची सुटलेली कोडी कमी झाली व दोन गटांत मोठे अंतर पडले. हे निष्कर्ष २००४ व २००६ साली प्रसिद्ध झाले.

मुलांची बुद्धी काही पाच मिनिटांत आटली नव्हती. बक्षीस कोणाला मिळावे हे माणसाच्या मतावर न सोडता चिठ्ठी काढून ठरवले, तेव्हा हे अंतर नाहीसे झाले. संशोधिकांनी असा अर्थ लावला की, जात समोर आली की या मुलांना आपल्याला न्याय मिळेल याचा भरवसा वाटत नाही, आणि भरवसा नसेल तेथे हातून काम होत नाही.

पालकांनी व शिक्षकांनी हे नीट समजून घ्यावे. एखादा विद्यार्थी वस्तीत हुशार असतो आणि महाविद्यालयात गेल्यावर मागे पडतो. आडनाव विचारले जाते, शिष्यवृत्तीची यादी सर्वांसमोर वाचली जाते, आणि तो गप्प होतो. त्याला “तुझ्यात जिद्दच नाही” असे म्हणून आपण दोषाचा सारा भार त्याच्यावर टाकतो. दोष पुष्कळदा त्या खोलीत असतो. त्या मुलाला आधी हे सांगा की, तुला जे होते आहे ते का होते हे माहीत आहे, आणि त्याचा तुझ्या बुद्धीशी संबंध नाही.

६. आयती ओळख आणि मिळवलेली ओळख

आतापर्यंत आपण इतरांनी काढलेले चित्र पाहिले. माणसाचा स्वतःचा त्यात काही हात असतो की नाही? एरिक एरिक्सन यांनी या प्रश्नावर आयुष्य घालवले. त्यांचा जन्म १९०२ साली जर्मनीत झाला. आई डेन्मार्कची ज्यू, जन्मदाता अज्ञात, वाढवले सावत्र वडिलांनी. ज्यू धर्मशाळेत मुले त्यांना परके म्हणून चिडवीत, तर सरकारी शाळेत ज्यू म्हणून चिडवीत. १९३९ साली अमेरिकेचे नागरिकत्व घेताना त्यांनी एरिक्सन हे आडनाव स्वतःच स्वीकारले.

एरिक्सन यांनी १९५० साली माणसाच्या वाढीच्या आठ अवस्था मांडल्या. त्यांतील किशोरवयाची अवस्था ओळखीची होय. मी कोण, मी काय मानतो, मी काय करणार, हे प्रश्न त्या वयात सोडवावे लागतात. ते सुटले नाहीत तर गोंधळ होतो. समाजाने काही चांगली ओळख मिळूच दिली नाही, तर तरुण कधीकधी वाईट ओळखच घट्ट धरतो. “तुमची पोरे अशीच,” हे ऐकून ऐकून एक दिवस तो मनात म्हणतो, “होय, मी असाच. बघा आता.” एरिक्सन याला नकारात्मक ओळख म्हणतात. अशा तरुणावर केवळ रागावून भागत नाही. चांगली ओळख त्याच्या आवाक्यात आणून द्यावी लागते.

जेम्स मार्सिया यांनी १९६६ साली या विचाराला चाचणीचे रूप दिले. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. या मनुष्याने स्वतः शोध घेतला आहे काय? आणि त्याने काही पक्के स्वीकारले आहे काय? यावरून चार स्थिती होतात. शोधही नाही आणि स्वीकारही नाही, ती विखुरलेली ओळख. शोध न घेता आईबापांकडून घेतलेली, ती आयती ओळख. शोध चालू आहे पण निर्णय झाला नाही, ती शोधातली ओळख. आणि शोध घेऊन स्वीकारलेली, ती मिळवलेली ओळख.

आता आपल्या समाजाकडे पाहा. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेतली. मध्ये एकवीस वर्षे गेली. ही वर्षे निरनिराळे धर्म तपासण्यात, वाचनात, चर्चेत गेली. म्हणजे त्यांची ओळख शोध घेऊन मिळवलेली होती. २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे ८४ लाख बौद्ध नोंदले गेले व त्यांतील सुमारे ६५ लाख महाराष्ट्रात होते. यांतील बहुसंख्य लोक १९५६ नंतर जन्मलेले आहेत. त्यांनी धम्मांतर केलेले नाही. त्यांना बौद्ध हे नाव घरातून मिळाले आहे.

आयती ओळख वाईट असते असे नाही. ती पुष्कळ आधार देते. पण ती परीक्षेत टिकत नाही. कोणी खोचक प्रश्न विचारला की आयती ओळख असलेला तरुण एकतर चिडतो, नाहीतर लपतो. जन्मावरून कोणी उच्च वा नीच ठरत नाही, कृतीवरून ठरतो, ही बुद्धांची शिकवण. ती मानणाऱ्यांनी ‘मी जन्माने बौद्ध’ एवढ्यावर थांबावे, हे विसंगत आहे. प्रत्येक पिढीने आपले येवला ते नागपूर हे अंतर स्वतः चालले पाहिजे.

७. धम्मांतराच्या पायऱ्या

हे अंतर चालताना मनात काय घडते? विल्यम क्रॉस या काळ्या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ साली एक लेख लिहिला. ‘निग्रो’ म्हणवून घेणारा मनुष्य अभिमानाने ‘काळा’ म्हणवून घेऊ लागतो, त्या बदलाला त्यांनी लेखाच्या शीर्षकातच धर्मांतरासाठी वापरला जाणारा शब्द योजला होता. त्यांनी पाच पायऱ्या सांगितल्या.

पहिली पायरी पूर्वीची अवस्था. मनुष्य वरचढ समाजाच्या डोळ्यांनी जग पाहतो, किंवा आपली ओळख बिनमहत्त्वाची मानतो. दुसरी पायरी धक्का. अशी एखादी घटना घडते की जुने चित्र तडकते. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, तिने असंख्य तरुणांना असा धक्का दिला. तिसरी पायरी बुडी मारण्याची. जे आपले ते सर्व उत्तम, जे त्यांचे ते सर्व त्याज्य. पोशाख बदलतो, बोलणे बदलते, संताप उसळतो, आपल्यातील कोण खरा व कोण खोटा याची झडती सुरू होते. चौथी पायरी मुरण्याची. नवी ओळख अंगी मुरते, तिचे प्रदर्शन करण्याची गरज उरत नाही, आणि मनुष्य इतरांशीही मोकळेपणाने वागू शकतो. पाचवी पायरी बांधिलकीची. मिळालेल्या ओळखीतून तो समाजासाठी टिकाऊ काम करतो. पुढे १९९१ साली क्रॉस यांनी स्वतःच दुरुस्ती केली की, पहिल्या पायरीवरील प्रत्येक जण स्वतःचा द्वेष करीत असतोच असे नाही.

क्रॉस यांनी हे लिहिले ते आपल्याविषयी नव्हे. परंतु बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञा या दृष्टीने पुन्हा वाचून पाहा. आरंभीच्या प्रतिज्ञा प्रामुख्याने नकाराच्या आहेत. अमुक देव मानणार नाही, अमुक विधी करणार नाही. जुना आरसा फोडल्याशिवाय नवे चित्र दिसत नाही, म्हणून नकार आवश्यक आहे. पण प्रतिज्ञा तेथे संपत नाहीत. पुढे समतेसाठी झटण्याची प्रतिज्ञा येते, अष्टांगिक मार्ग, पारमिता, प्राणिमात्रांवर दया, शील यांच्या प्रतिज्ञा येतात, आणि आपला नवा जन्म झाला असे मानण्याची प्रतिज्ञा येते.

आपल्यापैकी कित्येक जण तिसऱ्या पायरीवर थांबतात. नकार जोरदार असतो, पण शील, प्रज्ञा, करुणा यांची वाट सुरू होत नाही. ही पायरी निंदेची नाही, तिच्यावरून सगळ्यांनाच जावे लागते. पण ती जिन्यातली पायरी आहे, राहण्याची खोली नव्हे.

८. मग अनात्म कसे?

आता मूळ प्रश्न. मानसशास्त्राने वर जे सांगितले त्यात एक गोष्ट सर्वत्र समान आहे. ‘मी’ हे चित्र कारणांनी घडते, परिस्थितीप्रमाणे बदलते, आणि नव्या कारणांनी पुन्हा घडवता येते. या चित्राच्या मागे कधीही न बदलणारा कोणी बसलेला आहे, असे मानण्याची गरज पडत नाही. भदंत नागसेनांनी राजा मिलिंदाला रथाचा दाखला देऊन हेच समजावले. चाके, आस, दांडा यांच्या जुळणीला रथ म्हणतात, तसे पंचस्कंधांच्या जुळणीला व्यवहारात नाव दिले जाते.

म्हणून अनात्म याचा अर्थ ‘तू कोणी नाहीस’ असा नाही. ‘तू असाच राहशील असे काही नाही’ असा त्याचा अर्थ आहे. नित्य आत्मा पूर्वजन्मीचे कर्म घेऊन अमुक जातीत येतो, या समजुतीनेच तर जात पक्की केली होती. अनात्म हा तिच्या मुळावर घातलेला घाव आहे. आत्मसन्मान या शब्दातील ‘आत्म’चा अर्थ ‘स्वतःचा’ एवढाच घ्यावा, आणि मनातली अडचण दूर करावी.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. पालि वाङ्मयात ‘मान’ नावाचे एक बंधन सांगितले आहे. त्याचे तीन प्रकार आहेत : मी श्रेष्ठ आहे, मी बरोबरीचा आहे, मी हीन आहे. आपण मान म्हणजे गर्व एवढेच समजतो. पण येथे ‘मी हीन आहे’ हाही मानच मानला आहे. व्हिएन्नाचे मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलर हेही याच दिशेने गेले. न्यूनगंड व अहंगंड ही एकाच नाण्याची दोन बाजू आहेत, आतली हीनतेची भावना झाकण्यासाठीच पुष्कळदा मोठेपणाचा आव आणला जातो, असे त्यांनी दाखवले. दोहोंत मनुष्य अष्टौप्रहर स्वतःलाच तराजूत घालून बसलेला असतो.

“मग ‘मी बरोबरीचा आहे’ हेही बंधनच? म्हणजे समता सोडून द्यायची काय?” असे तुम्ही विचाराल. मुळीच नाही. समता हे समाजरचनेचे तत्त्व आहे, हक्काची गोष्ट आहे. तिच्यासाठी लढलेच पाहिजे. बंधन आहे ते मनातल्या तुलनेचे. हक्क मागताना ताठ उभे राहावे, आणि घरी आल्यावर ‘आज मला कोणी काय समजले’ याचा हिशेब करीत रात्र घालवू नये. पहिली गोष्ट जो करतो त्यालाच दुसरी साधते. ज्याचा मान नेहमी पायदळी तुडवला गेला त्याला आधी ताठ उभे राहता आले पाहिजे. जे हाती आले आहे तेच सोडता येते.

९. आचरणासाठी

अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ साली आत्मविश्वासाचे चार झरे सांगितले. पहिला व सर्वांत जोरदार झरा स्वतः पार पाडलेल्या कामाचा. दुसरा, आपल्यासारख्याच माणसाला ते काम करताना पाहणे. तिसरा, विश्वासू माणसाने दिलेला धीर. चौथा, शरीर व मन शांत असणे. नुसत्या भाषणाने फार काळ टिकणारा आत्मविश्वास येत नाही, हे यावरून कळेल.

यांना धरून पुढील चार गोष्टी एक महिना करून पाहाव्यात.

पहिली : विहारात मुलांना कामे वाटून द्या. वंदना एकाने म्हणावी, हिशेब दुसऱ्याने लिहावा, सूचना तिसऱ्याने सांगाव्यात. काम लहान असावे, पण ते पूर्ण व्हावे.

दुसरी : वस्तीतील शिकलेल्या मुला-मुलींना लहानांपुढे बोलावा. मोठा पाहुणा नसला तरी चालेल. परिचारिका झालेली शेजारची ताई मुलांना अधिक जवळची वाटते.

तिसरी : घरात मुलाविषयी बोलताना जात, रंग, अक्कल यांवरून टोमणे देणे बंद करा. चूक झाली तर चुकीविषयी बोला, मुलाच्या ‘मी’विषयी बोलू नका.

चौथी : रोज थोडा वेळ शांत बसून मैत्रीभावना करा. परंपरेप्रमाणे तिचा आरंभ स्वतःपासून होतो. ‘मी सुखी असो’ असे म्हणताना ज्याचा घसा अडखळतो, त्याने समजावे की जुना आरसा अजून मनात टांगलेला आहे. त्याने तेथेच थोडा अधिक वेळ थांबावे.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. ‘आपली पायरी ओळखून राहावे’ या शिकवणीचा जेम्स यांच्या गणिताच्या साह्याने अर्थ सांगा.

२. तुमच्या लहानपणी तुमचा सर्वांत चांगला आरसा कोण होते? त्या व्यक्तीने नेमके काय केले?

३. मार्सिया यांच्या चार स्थितींपैकी तुम्ही कोठे आहात? बौद्ध म्हणून तुमचा स्वतःचा शोध कोणता?

४. २२ प्रतिज्ञांपैकी नकाराच्या कोणत्या, आचरणाच्या कोणत्या, ते लिहून काढा. तुमच्या घरी कोणत्या प्रकारच्या अधिक पाळल्या जातात?

५. ‘मी हीन आहे’ हा मान कसा, ते आपल्या शब्दांत समजावून सांगा.

उत्तरे लिहिताना इतरांचे दाखले देण्यापूर्वी स्वतःचा एक दाखला द्यावा. वर्गात ज्याला बोलायचे नसेल त्याला बोलण्याचा आग्रह करू नये. पण त्याने वहीत जरूर लिहावे.